गळणारा व्हॉल्व्ह, गॅसचा गिझर आणि पाच जणांच्या आंघोळीचे पाणी

प्रश्न : आम्ही दिवाळीनंतर पिंपरी-चिंचवड परिसरात एका १४ मजली इमारतीच्या नवव्या मजल्यावर राहायला आलो. घरात आम्ही दोघे, ९ आणि ४ वर्षांची दोन मुले आणि ७६ वर्षांच्या सासूबाई असे पाच जण आहोत. आधीच्या मालकांनी ठेवलेला १५ लिटरचा, सुमारे ११ वर्षे जुना विजेचा गिझर मोठ्या बाथरूममध्ये आहे. तो तापू लागला की खालच्या पितळी व्हॉल्व्हमधून थेंब थेंब पाणी गळत असे. गेल्या आठवड्यात प्लंबरने त्या तोंडाला प्लग बसवला आणि गळणे थांबले. आता नवीन गिझर घ्यायचा आहे. यजमानांचे म्हणणे, गॅसचा घ्यावा आणि बाथरूममध्येच लावावा, वीजबिल वाचेल. दुकानदार २५ लिटरचा पाच स्टारचा घ्या म्हणतो. इमारतीत बोअरचे आणि टँकरचे पाणी येते. सासूबाई दुसऱ्या बाथरूममध्ये अजून बादलीत रॉड लावतात. यजमान शॉवर घेतात, बाकी आम्ही सगळे बादलीने आंघोळ करतो. कोणता गिझर घ्यावा, तापमान किती ठेवावे आणि देखभाल कशी करावी? जुना गिझर गावच्या घरी पाठवायचा विचार आहे, तो तेथे चालेल ना?

उत्तर :

स. न. वि. वि.

तुम्ही विचारलेल्या प्रश्नांपेक्षा, तुम्ही जाता जाता लिहिलेल्या एका वाक्याने मला अधिक अस्वस्थ केले, म्हणून तुमचा क्रम मोडून तेथूनच सुरुवात करतो. ज्या गिझरच्या व्हॉल्व्हच्या तोंडाला प्लग बसवला आहे, तो गिझर यापुढे एकदाही चालू करू नका. हे उत्तर पुरते वाचून झाल्यावर नव्हे, तर आत्ताच उठून त्याचा एमसीबी (वितरण पेटीतले त्याचे बटण) खाली करा, घरातल्या प्रत्येकाला तसे सांगा आणि बटणावर चिकटपट्टी लावा, कारण सकाळी सहा वाजता अर्धवट झोपेत बटण दाबणाऱ्या माणसाला आदल्या रात्रीचे बोलणे आठवत नाही. प्लग स्वतः काढण्याच्या भानगडीत पडू नका. आतले पाणी पूर्ण निवल्यावर आणि वीज व पाणी दोन्ही बंद केल्यावर जाणकार माणसाने तो गिझर उतरवावा, एवढेच आता त्याचे उरले आहे.

मी असे का म्हणतो, ते सविस्तर सांगायला हवे, कारण तुमच्या प्लंबरने हे वाईट हेतूने केलेले नाही. त्याला गळती दिसली आणि त्याने ती बंद केली. परंतु ती गळती हा बिघाड नव्हता. माझ्या लहानपणी आमच्या न्हाणीघराबाहेर तांब्याचा बंब होता. मधल्या नळीत गोवऱ्या आणि काटक्या पेटत, भोवतीचे पाणी तापत असे आणि ते फारच तापले की वरचे झाकण थडथडू लागे. मग आई आतून हाक मारी, "बंब बोलायला लागला, लाकडे ओढा." त्या बंबाला ना ठरावीक तापमानाला वीज तोडणारा थर्मोस्टॅट होता, ना तो बिघडला तर वीज तोडणारा कटआउट, तरी तो फुटल्याचे कोणी ऐकले नाही, कारण झाकण सैल होते आणि वाफेला बाहेर पडायला वाट होती. तुमचा गिझर हा सर्व बाजूंनी बंद असलेला, दाबाखालचा बंब आहे. त्याला सैल झाकण नाही, आणि झाकणाचे काम तो अंगठ्याएवढा पितळी व्हॉल्व्ह करतो.

पाणी तापले की फुगते. १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांपर्यंत तापवले, तर त्याचे आकारमान सुमारे २०० मिलिलिटरने, म्हणजे मोठ्या कपभर, वाढते. नळ बंद असल्यामुळे ते पुढे जाऊ शकत नाही आणि त्याच व्हॉल्व्हमध्ये पाण्याला उलटे जाऊ न देणारी झडप असल्यामुळे ते मागेही सरकू शकत नाही, म्हणून टाकीतला दाब वाढतो आणि ठरावीक दाबाला व्हॉल्व्ह उघडून ते कपभर पाणी थेंबाथेंबाने बाहेर सोडतो. तुम्ही लिहिले आहे की "तापू लागला की" गळत असे. हे शब्द फार मोलाचे आहेत. तापताना गळणे आणि तापून झाल्यावर थांबणे, हे व्हॉल्व्ह जिवंत असल्याचे लक्षण आहे.

आता त्या तोंडाला प्लग बसल्यावर काय होऊ शकते ते पाहा. रोज कपभर पाण्याचा वाढीव दाब टाकीच्या सांध्यांवर येत राहील, हे झाले नेहमीचे. परंतु ११ वर्षांच्या गिझरमध्ये एखाद्या दिवशी थर्मोस्टॅटचे संपर्क एकमेकांना चिकटले आणि कटआउटनेही दगा दिला, तर पाणी तापतच राहील, आणि बंद टाकीत दाबाखाली असल्यामुळे ते १०० अंशांच्या पुढे जाऊनही उकळणार नाही. ज्या क्षणी टाकी कोठेतरी उसवेल, त्या क्षणी दाब एकदम उतरेल आणि त्या पाण्यातल्या बऱ्याच भागाची तत्काळ वाफ होईल. पाण्याची वाफ झाली की ती सुमारे १६०० पट जागा मागते, आणि तुमच्या बाथरूममध्ये ती जागा नाही. गिझर फुटण्याच्या ज्या बातम्या आपण वाचतो, त्यांच्यामागे अनेकदा असाच एखादा बंद केलेला, गंजलेला किंवा क्षार साचून अडकलेला व्हॉल्व्ह असतो. थर्मोस्टॅट, कटआउट आणि व्हॉल्व्ह हे तीन पहारेकरी आहेत, त्यांपैकी पहिले दोघे आता वयस्कर झाले आहेत आणि तिसऱ्याचे हात प्लंबरने बांधले आहेत.

नवीन गिझरचा व्हॉल्व्हही तापताना गळेल, हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुन्हा कोणी प्लग घेऊन येणार नाही. त्याच्या तोंडाला एक बारीक नळी जोडून ती खाली उतरती न्यावी आणि मोरीच्या दिशेने तिचे टोक उघडे ठेवावे. गिझर आणि व्हॉल्व्ह यांच्यामध्ये कोणताही कॉक बसवू देऊ नये. वीज बंद असताना आणि टाकीतले पाणी गार असतानाही जर सतत गळत असेल, तर मात्र दोन शक्यता असतात. एक म्हणजे व्हॉल्व्हमध्ये क्षाराचा कण अडकला आहे किंवा तो झिजला आहे, तेव्हा तो बदलावा. दुसरी म्हणजे इमारतीच्या पाण्याचा दाबच जास्त आहे. पाण्याचा १० मीटर उंचीचा स्तंभ सुमारे १ बार दाब देतो. गच्चीवरची टाकी तुमच्या वर १८ ते २० मीटर आहे असे धरले, तर तुमच्याकडे २ बारच्या आसपास दाब असेल आणि तो कोणत्याही चांगल्या गिझरला सोसतो. परंतु सोसायटीत दाबाने पाणी चढवणारी पंपाची यंत्रणा असेल, तर हे गणित चालत नाही. म्हणून प्लंबरकडून दाबमापक लावून आकडा घ्या आणि गिझरच्या पाटीवरच्या आकड्याशी ताडून पाहा. पाटीवर तो बहुधा मेगापास्कलमध्ये असतो. तेथे ०.८ लिहिले असेल तर त्याचा अर्थ ८ बार. उंच इमारतीत ८ बारचाच गिझर घ्यावा, असे माझे मत आहे.

आता यजमानांच्या गॅस गिझरकडे वळतो. त्यांच्या हिशेबात तथ्य आहे, हे मी नाकारणार नाही. घरगुती १४.२ किलोच्या सिलिंडरमधली उष्णता गॅस गिझरमधून पाण्यात उतरते ती साधारण १४० ते १५० युनिट विजेइतकी. तुमच्या बिलावरचा प्रत्यक्ष दर, सर्व आकारांसह, या आकड्याने गुणून सिलिंडरच्या किमतीशी तुलना केली, तर त्यांचे म्हणणे पटण्यासारखेच उत्तर येईल, विशेषतः वापर वाढून दराचा वरचा टप्पा लागत असेल तर. माझा आक्षेप गॅसला नाही. "बाथरूममध्येच लावावा" या दोन शब्दांना आहे.

मिनिटाला ६ लिटर पाणी २५ अंशांनी तापवणारा गॅस गिझर पूर्ण जोरात चालला, तर तासाला सुमारे १ किलो गॅस जाळतो आणि त्या ज्वलनासाठी त्याला तासाला सुमारे १३ घनमीटर हवा लागते. आपल्याकडच्या फ्लॅटमधले ५ फूट बाय ७ फुटांचे बाथरूम उंचीसह धरले तरी जेमतेम ९ घनमीटरांचे भरते. दार लावून, थंडी म्हणून झरोकाही बंद करून कोणी १५ मिनिटे शॉवर घेतला, तर तेथल्या हवेतला तिसरा हिस्सा त्या ज्योतीने वापरलेला असतो आणि धूर त्याच खोलीत फिरत असतो. प्राणवायू कमी पडू लागला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळे चुरचुरत नाहीत. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा २०० पटींहून अधिक घट्टपणे चिकटतो. डोके जड होते, मळमळते, पायांतले बळ जाते, आणि माणसाला काहीतरी चुकते आहे हे कळेपर्यंत कडीपर्यंत हात नेण्याची शक्ती राहिलेली नसते. दरवर्षी थंडीत आपल्या राज्यातही अशा दुर्घटना घडतात आणि आंघोळीला गेलेला धडधाकट माणूस दार तोडून बाहेर काढावा लागतो.

म्हणून गॅस गिझर घ्यायचाच असेल तर तो बाथरूमच्या बाहेर, उघड्या बाल्कनीत किंवा खऱ्या अर्थाने मोकळ्या जागेत लावावा आणि गरम पाण्याची नळी तेवढी आत आणावी. काचा लावून बंद केलेली बाल्कनी ही मोकळी जागा नव्हे. एक्झॉस्ट पंखा आहे म्हणून आत लावला तर चालेल का, असे मला अनेक जण विचारतात. चालणार नाही. पंखा लावायला विसरणे शक्य आहे, आणि बंद दाराच्या खोलीत नवीन हवा यायला वाट नसेल तर पंखा चालूनही उपयोग थोडाच. २० मिनिटांनी आपोआप बंद होणाऱ्या गिझरांवरही त्यासाठी विसंबू नये. तुमच्या ओळखीत ज्यांच्याकडे असा गिझर आधीपासून आत लावलेला आहे, त्यांना एवढे जरूर सांगा की आधी बादलीत पाणी भरून, गिझर बंद करून मगच आंघोळीला जावे आणि तो गिझर लवकरात लवकर बाहेर हलवावा. कोणी आत कोसळलेले आढळले, तर आधी दार-खिडक्या उघडून त्या व्यक्तीला मोकळ्या हवेत आणावे, गॅस बंद करावा आणि १०८ ला फोन करावा. गॅसगळतीसाठी १९०६ हा वेगळा क्रमांक आहे.

तुमच्या घरात एक ७६ वर्षांची व्यक्ती आणि दोन लहान मुले आहेत आणि पत्रात बाथरूमलगतच्या मोकळ्या बाल्कनीचा उल्लेख नाही, म्हणून मी तुम्हाला विजेचा साठवणीचा गिझरच सुचवीन. बिलाचे पुढे पाहू.

किती लिटरचा घ्यावा, हा प्रश्न दुकानात नेहमी घरातल्या डोक्यांच्या संख्येवरून सोडवला जातो, पण तो खरे तर बादलीच्या हिशेबाने सोडवायचा असतो. थंडीत तुमच्या नळाचे पाणी २० अंशांच्या आसपास असेल. गिझर ६० अंशांवर असेल आणि आंघोळीला ४० अंशांचे पाणी हवे असेल, तर जेवढे गरम तेवढेच विसण लागते. म्हणजे १५ लिटरच्या गिझरमधून कागदावर ३० लिटर आंघोळीचे पाणी निघते. प्रत्यक्षात थोडे कमीच, कारण वरून गरम पाणी काढत असताना खालून गार पाणी आत शिरत असते. १८ लिटरच्या दीड बादल्या म्हणा. पुन्हा तेवढे पाणी तापवायला २००० वॅटच्या कॉइलला २० मिनिटांहून थोडा अधिक वेळ लागतो आणि सुमारे ०.७ युनिट वीज जाते. बादलीने आंघोळ करणाऱ्यांना हे पुरेसे आहे, फक्त दोघांमध्ये थोडे अंतर हवे. शॉवरचे गणित मात्र वेगळे आहे. साधा शॉवर मिनिटाला ८ ते ९ लिटर पाणी सोडतो आणि ते ३० लिटर साडेतीन मिनिटांत संपतात.

यजमान शॉवर घेतात आणि मोठे बाथरूम चौघे वापरतात, तेव्हा दुकानदाराचा २५ लिटरचा सल्ला, त्याचे कारण काहीही असो, त्या बाथरूमसाठी योग्य आहे. सासूबाईंच्या बाथरूममध्ये १० लिटरचा छोटा गिझर लावा. त्यात त्यांच्या एका आंघोळीपुरते पाणी १५ मिनिटांच्या आत तापेल आणि एका माणसासाठी २५ लिटर तापवण्याचा खर्च वाचेल. ३ लिटरचे झटपट गिझर स्वयंपाकघरातल्या सिंकला उत्तम, पण पुण्याच्या डिसेंबरात ३००० वॅटचा असा गिझर मिनिटाला दोन लिटरांच्या आसपासच ४० अंशांचे पाणी देऊ शकतो. एक बादली भरायला आठ मिनिटे उभे राहावे लागते आणि तोवर आधीचे पाणी निवू लागते. दोन्ही गिझर एकाच वेळी लागणार असतील, तर घराचा मंजूर वीजभार तेवढा आहे ना, हे बिलावर पाहून घ्या.

साठवणीच्या गिझरवरचे स्टार पाणी किती लवकर तापते हे सांगत नाहीत. तापवलेले पाणी तसेच ठेवले तर २४ तासांत किती वीज वाया जाते, हे ते सांगतात. दिवसभर गिझर चालू ठेवणाऱ्या घराला पाच स्टारचा मोठा फायदा होतो, तर आंघोळीआधी अर्धा तास चालू करून नंतर बंद करणाऱ्या घराला तुलनेने थोडा. तरीही घरात कोणी उशिरा आंघोळ करत असेल, तर जाड आवरणाच्या टाकीत सकाळचे पाणी त्यांच्या वेळेपर्यंत बऱ्यापैकी गरम राहते, म्हणून फरक परवडत असेल तर घ्यावा. आयएसआय चिन्ह मात्र असायलाच हवे, त्यात तडजोड नाही.

तुमच्यासाठी स्टारपेक्षा महत्त्वाचे आहे ते बोअरचे पाणी. सोसायटीच्या कार्यालयातून पाण्याच्या तपासणीचा अहवाल मागा आणि त्यात कठीणपणाचा (कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांचा) आकडा पाहा. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात तो लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा आणि दुसरी सोय नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. (दारावर येणारे विक्रेते टीडीएस मीटर बुडवून जो आकडा दाखवतात, तो पाण्यात विरघळलेल्या एकूण पदार्थांचा असतो, कठीणपणाचा नसतो, एवढे लक्षात असू द्या.) काही वर्षांपूर्वी मी एका बंगल्यातला, बोअरच्या पाण्यावर चार वर्षे चाललेला आणि एकदाही न उघडलेला गिझर उघडला होता. कॉइल बाहेर येईना. अखेर ओढून काढली तेव्हा तिच्यावर चिरोट्यासारखे पांढरे पापुद्रे एकावर एक बसलेले होते, बोटाएवढ्या जाडीचे, आणि टाकीच्या तळाशी ओंजळभर चुरा साचलेला होता. शेजारची मॅग्नेशियमची सळई, जी नवीन असताना बोटाएवढी जाड असते, ती मधली तार तेवढी शिल्लक ठेवून संपली होती, उगाळून संपलेल्या चंदनाच्या खोडासारखी. त्या सळईचे कामच झिजण्याचे असते. पाण्यातला गंजवण्याचा गुण ती आपल्यावर घेते आणि टाकीचे पोलाद वाचवते. ती संपली की पुढची पाळी टाकीची.

म्हणून कठीण पाण्यासाठी काचेचा लेप असलेली टाकी, जाड मॅग्नेशियम सळई आणि टाकीवर निदान पाच वर्षांची हमी असलेला गिझर घ्यावा, आणि दरवर्षी, थंडी सुरू होण्याआधी, त्याची सर्व्हिस करून घ्यावी. सर्व्हिस म्हणजे बाहेरून फडके मारून बिल फाडणे नव्हे. वीज आणि पाणी बंद करून टाकी रिकामी करणे, खालची चकती उघडून कॉइल बाहेर काढणे, तिच्यावरचा आणि तळाचा क्षार काढणे, सळई पाहून अर्ध्याहून अधिक झिजली असेल तर बदलणे, रबरी गॅस्केट नवीन घालणे आणि व्हॉल्व्ह तपासणे, एवढे सगळे त्यात येते. माणूस काम करत असताना शेजारी उभे राहा आणि काढलेली सळई प्रत्यक्ष पाहायला मागा. टाकीत फरशी साफ करण्याचे ॲसिड ओतून "एका मिनिटात साफ" करून देणारे कारागीर आहेत, त्यांना उंबऱ्यावरूनच परत पाठवा.

बसवण्याविषयी एक-दोन गोष्टी. भरलेला २५ लिटरचा गिझर ३५ किलोच्या वर जातो. नवीन इमारतींच्या आतल्या भिंती अनेकदा हलक्या ब्लॉकच्या असतात आणि साधे फास्टनर त्यांत धरत नाहीत, तेव्हा भिंत कोणती आहे हे आधी विचारून त्यासाठीचे फास्टनर वापरावेत. गरम पाण्याची नळी सीपीव्हीसीची असावी, साधी पीव्हीसी मऊ पडते.

सर्वांत अधिक वेळ मात्र विजेच्या जोडणीवर द्या. २००० वॅटचा गिझर ९ अँपिअरच्या आसपास प्रवाह घेतो, म्हणून त्याला १६ अँपिअरचा स्वतंत्र सॉकेट, २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि स्वतःचा एमसीबी हवा, आणि बटण बाथरूमच्या बाहेर हवे. परंतु एमसीबी आहे म्हणजे झटक्यापासून संरक्षण आहे, हा समज चुकीचा आहे. १६ अँपिअरचा एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो. माणसाच्या अंगातून जाणारा, जीव घेण्यास पुरेसा असलेला प्रवाह अँपिअरच्याही छोट्या अंशाएवढा असतो आणि एमसीबी त्याची दखलही घेत नाही. ती दखल आरसीसीबी घेतो. जाणारा आणि परत येणारा प्रवाह यांत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की तो क्षणार्धात वीज तोडतो. तुमच्या वितरण पेटीत तो आहे का, हे आज पाहा. त्याच्यावर "टी" लिहिलेले एक छोटे बटण असते. ते महिन्यातून एकदा दाबावे आणि घराची वीज गेली पाहिजे. गेली नाही, तर तो शोभेचा आहे.

अर्थिंगबाबत एक वाईट पद्धत आपल्याकडे रुजली आहे. जेथे अर्थिंगची वायर पोहोचलेली नसते, तेथे काही कारागीर सॉकेटच्या आत न्यूट्रल आणि अर्थ यांना छोट्या तारेने जोडून मोकळे होतात, टेस्टरवर सारे ठीक दिसते आणि काम संपते. पुढे कोठे न्यूट्रल सुटली, तर गिझरच्या धातूच्या भागांवर आणि त्यातून नळाच्या पाण्यावरही २३० व्होल्ट येऊ शकतात. म्हणून परवानाधारक वायरमनकडून सॉकेट उघडून पाहा आणि अर्थिंग मापून घ्या. नळाला किंवा शॉवरला हात लावताच मुंग्या आल्यासारखे वाटले, तर "थोडासा करंट येतो, जुनेच आहे" असे म्हणून कोणी दुर्लक्ष करू नये. त्या क्षणी मुख्य बटण बंद करावे. हे सगळे नीट असले तरी आंघोळीला जाताना गिझर बंद करून जावे, असे मी माझ्या घरातही सांगतो.

सासूबाईंचा रॉड शक्य तितक्या लवकर निवृत्त करा, आणि ही गोष्ट त्यांना दटावून नव्हे तर त्यांच्या बाथरूममध्ये नवीन गिझर लावून साधा. चार वर्षांच्या मुलाचा हात सहज पोहोचेल अशी, उकळत्या पाण्याची आणि विजेची तार आत सोडलेली बादली जमिनीवर ठेवायची, आणि पाणी तापले का म्हणून बोट घालून पाहायचे, याहून धोकादायक व्यवस्था घरात क्वचितच असेल. तोवर वापरावाच लागला तर मुलांना त्या खोलीत जाऊ देऊ नका आणि बटण बंद करून पिन सॉकेटमधून बाहेर काढल्याशिवाय पाण्याला किंवा बादलीला कोणी हात लावू नये.

तापमान ६० अंश ठेवा. त्याहून वर नेले की क्षार झपाट्याने बसतो आणि वीज जास्त खर्च होते. फार खाली, ४० अंशांच्या आसपास सतत ठेवले तर टाकीत लेजिओनेला जातीचे जंतू वाढायला पोषक स्थिती मिळते. ६० अंशांना ते तगत नाहीत. सुट्टीहून काही आठवड्यांनी परतल्यावर पूर्ण तापू देऊन, खिडकी उघडी ठेवून, थोडे पाणी वाहू द्यावे. मात्र ६० अंशांचे पाणी मोठ्या माणसाची त्वचाही पाच-सहा सेकंदांत भाजते, मुलांची आणि वृद्धांची त्याहून लवकर. आपल्याकडे आधी कढत पाणी घ्यायचे आणि मग विसण घालायची, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आहे. लहान मूल शेजारी उभे असताना ती उलटी करा, आधी बादलीत गार पाणी आणि मग त्यावर गरम. मिक्सर नळ असेल तर बंद करताना तो गार बाजूला फिरवून ठेवायची शिस्त लावा.

नवीन गिझर पहिल्यांदा चालू करण्यापूर्वी गरम पाण्याचा नळ सोडून पाहा आणि फुरफुर थांबून सलग धार येऊ लागल्यावरच बटण दाबा. सोसायटीची टाकी धुतली किंवा टँकर उशिरा आल्यामुळे नळ कोरडे पडले, तर नंतर प्रत्येक वेळी हेच करावे, अन्यथा रिकाम्या टाकीत कॉइल जळते. टँकरवर असलेल्या इमारतीत हे वर्षातून अनेकदा घडते.

राहिला जुना गिझर गावी पाठवण्याचा प्रश्न. पाठवू नका. गावच्या घरी व्होल्टेज वरखाली होते, अर्थिंग बहुधा तपासलेले नसते, आणि तेथे तो बसवणाऱ्याला व्हॉल्व्हला प्लग का आहे हे विचारायचे सुचणार नाही. ११ वर्षे कठीण पाण्यात काढलेल्या आणि वाढीव दाब सोसलेल्या टाकीला नवीन व्हॉल्व्ह बसवून वय कमी होत नाही. काही दुकानदार जुना गिझर परत घेतात, ते विचारून पाहा, किंवा ई-कचरा स्वीकारणाऱ्यांकडे द्या. देण्यापूर्वी त्याची वायर मुळापासून कापून टाका, म्हणजे तो पुन्हा कोणाच्या भिंतीवर चढणार नाही.